अलिबाग ते मालवण किनाऱ्याकिनाऱ्याने, पाच दिवस, आई सोबत : मार्ग सुचवा

भुईकोट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत पाच दिवस रजा मिळतेय. मी, बायको, नववीतला मुलगा आणि आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, तोंड नाही) असे चौघं पुण्याहून आपल्याच गाडीने निघणार. आम्ही मूळचे सोलापूरकडचे. आईने समुद्र पाहिला तो एकदा गेटवेला आणि एकदा गणपतीपुळ्याला, दोन्हीकडे माणसांच्या पाठी जास्त दिसल्या. तिला 'पाण्यातला किल्ला' बघायचाय. मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी जुने पडके अवशेष हवेत. बायकोला नुसतं वाळूत बसायचंय आणि कुणी हाक मारायची नाही, ही अट.

आखलंय ते असं. पहिला दिवस अलिबाग, कुलाबा किल्ला, रेवदंडा, कोर्लई, मुरूड. दुसरा जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, हर्णै. तिसरा सुवर्णदुर्ग, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे. चौथा कशेळी, विजयदुर्ग, देवगड. पाचवा सिंधुदुर्ग आणि रात्री पुणे.

नकाशावर फार अंतर वाटत नाही. जमेल ना?

तिरफळ
जमेल की. गाडीतून उतरला नाहीत तर.

खाडीपलीकडे
तिरफळ, अहो पहिलाच धागा आहे त्यांचा :)

भुईकोट, तुम्ही नकाशावर किनारा सरळ रेघेसारखा बघताय. कोकणात दर दोन-तीन तासांनी रस्ता पाण्याशी येऊन थांबतो. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, तिथे अडचण नाही. त्यापुढे राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि जयगडची खाडी. या चार ठिकाणी फेरीबोट : आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. गाडीसकट पलीकडे नेतात. दाभोळला अजून कुणी 'जंगलजेटी' म्हणालं तर जंगल शोधत बसू नका, तीच फेरीबोट.

नदी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, खरी मजा रांगेची. शनिवार-रविवारी एक फेरी डोळ्यांदेखत भरून निघून गेली की तुमचा सगळा तक्ता तिथेच बुडाला. आणि बोट चुकवून वळसा घालायचा तर खाडीच्या पार मुळाशी जाऊन यावं लागतं. आम्ही एकदा शेवटच्या बोटीला पाच मिनिटांनी मुकलो आणि समोरच्या किनाऱ्यावरचा आमच्या मुक्कामाच्या घराचा दिव्याचा खांब बघत बघत चिपळूणकडून वळसा घातला. बायको आजही 'तो दिवा' म्हणून दाखवते.

पाच दिवसांत दोन खाड्या ओलांडा. बास.

कुलाबकर
खाडीपलीकडेंशी सहमत. माझी वेगळी सूचना, मार्ग नंतर ठरवा, आधी तिथी बघा.

गंमत नाही करत. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जायचा किल्ला आहे. भरतीला होडी लागते. भरती कधी हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात : तिथीची पाऊणपट. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवा, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब थोडा मागेपुढे होतो, पण कोळी यावर दर्यात जातात, तुम्हाला सहलीला पुरेल.

आता यातली मेख. बाहेरचे लोक अष्टमी बघून येतात, कारण आठ पाऊणे सहा, म्हणजे ओहोटी बरोबर बाराला, जेवायच्या आधी किल्ला उरकता येतो. पण अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. वाट कोरडी होईलच असं नाही, गुडघाभर पाण्यातून शेवाळावर घसरत जावं लागतं. पाणी खरं लांब जातं ते उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. पण नेमक्या पौर्णिमेला ओहोटी पहाटे सव्वापाचला नि संध्याकाळी तेवढ्यालाच, म्हणजे जाताना नाहीतर परतताना अंधार. म्हणून सांगतो, द्वितीया किंवा तृतीया धरा. उधाणाचा जोर अजून असतो, ओहोटी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, ऊन कोवळं. पाणी उतरत असतानाच निघा, आणि वळायला लागलं की कितीही छान वाटत असलं तरी परत फिरा.

आईंसाठी किनाऱ्यावर घोडागाडी मिळते, ओल्या वाळूतून थेट दरवाज्याशी नेते.

आमसूल
कुलाबकर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. वाचनखूण साठवली.

आमची फजिती सांगते. नणंदेचं कुटुंब आलं होतं, किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं दर्शन झालं, समोरच्या पुष्करणीशी बसलो, डबे उघडले. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, यावर नणंदेच्या यजमानांचं भूजलशास्त्र सुरू झालं. ते संपेपर्यंत वाट गेली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात मोबाइल उंच धरून कमरेएवढ्या पाण्यातून सुमारे निम्मे आले, उरलेले होडीने. होडीवाल्याने काही बोलून दाखवलं नाही, नुसता हसत होता, ते जास्त लागलं.

जांभादगड
मुलाच्या प्रकल्पासाठी एक सुचवू का? शंभर ठिकाणं दाखवू नका. दोन भिंती दाखवा.

पहिली कुलाब्याची. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात काम सुरू झालं, संभाजी महाराजांनी पुरं केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते ठाणं. त्या तटाजवळ जाऊन सांध्यात बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो, आणि मागे ओघळून येतं. भिंत लाटेशी भांडतच नाही.

दुसरी पद्मदुर्गाची. मुरूडसमोर, कासा बेटावर. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी बांधला, 'राजापुरीच्या उरावर दुसरी राजापुरी' असं पत्रातच म्हटलंय. तिथे नेमकं उलटं : सांध्यांत चुना ठासून भरलाय. आणि साडेतीनशे वर्षांनी झालंय काय, तर खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड झिजून आत गेलाय आणि चुना जागच्या जागी उभा. पूर्ण तट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. चौकटी चुन्याच्या, खळगे दगडाचे.

एकाच दर्यात, एकाच पिढीत, दोन वेगळ्या अकला. नववीच्या मुलाला एवढं पुष्कळ झालं.

दर्यावर्दी
पद्मदुर्ग वाचून बरं वाटलं. सगळे जंजिऱ्याला जातात आणि तिथून बोट दाखवून 'तो काय तो दुसरा' म्हणतात.

जंजिरा बघूच नये असं नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसणं हीच निम्मी वसुली. दरवाज्याशी पायात नि शेपटीत हत्ती पकडलेलं ते शिल्प नक्की बघा, नवीन माणसाला दरवाजा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही तेही अनुभवा. वर कलालबांगडी तोफ आहे. पण होडीवाले वेळ बांधून देतात, आणि तेवढ्यात गाइड इतिहासाच्या नावाखाली काय काय सांगतात ते ऐकवत नाही.

पद्मदुर्गाला तशी सोय नाही. मुरूडच्या कोळी बांधवांना विचारून ठरवावं लागतं, वारा असेल तर सरळ नाही म्हणतात, आणि तेव्हा हट्ट करू नका. उतरताना ओल्या खडकावर पाय टाकायचा असतो, त्यावर कालवं असतात, पात्यासारखी कापतात. आईंना नेऊ नका असं माझं मत. पावसाळ्यात तर दोन्ही विसराच.

चुकलेला_फकीर
नेहमीप्रमाणे धागा किल्ल्यांवर घसरला. :( अवशेष म्हणजे फक्त तट-बुरूज का? हा किनारा मराठ्यांच्या आधी दीड हजार वर्षं जगाशी व्यापार करत होता.

चौल घ्या. ग्रीक लेखकांनी सेमिल्ला, सिमिल्ला म्हटलेलं बंदर ते हेच, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' येतं. १४६९ साली अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला इथे उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा, १७४० पर्यंत त्यांच्याकडे होता. गंमत म्हणजे गाडीरस्ता कोटाच्या वेशीतूनच जातो, निम्म्या लोकांना आपण किल्ल्यात शिरलो हे कळतच नाही. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मध्येच चर्चचा उंच मनोरा, गावात 'सातखणी' म्हणतात. छत नाही, मजले नाहीत, आतून वर बघितलं की आभाळाचा चौकोन दिसतो. तिथे उभं राहिल्यावर कुणाच्या तरी वाडीतल्या पंपाचा आवाज येत असतो, तोच काय तो आवाज.

खाडीपलीकडे कोर्लई. किल्ल्याखालच्या वस्तीत आजही पोर्तुगीजमधून आलेली स्वतःची बोली बोलतात, मराठी शब्द मिसळलेली. अवशेष असेही असतात.

पुढे राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला, मांदाडजवळ, कुडा लेणी. २६ लेणी, महाभोज घराण्यातल्या दानांचे लेख. पेरिप्लस या जुन्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातलं मंदगोरा ते हे मांदाड असं बरेच अभ्यासक मानतात. लेण्याच्या ओट्यावरून खाली खाडी दिसते, गलबतं कुठे लागत असतील हे कुणी सांगावं लागत नाही. जंजिऱ्याला रविवारी हजार माणूस, कुड्याला मी, माझा मित्र आणि एक शेळी.

तिरफळ
शेळीने शिलालेख वाचला का?

चुकलेला_फकीर
तुमच्यापेक्षा मन लावून बघत होती.

गडकरी_नव्हे
भुईकोट, एक विसरू नका. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले चार तुमच्या या किनाऱ्यावर : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. निदान विजयदुर्ग सोडू नये. तिथे 'साहेबाचे ओटे' आहेत, लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ च्या ग्रहणात तिथूनच हीलियम शोधला. मुलाच्या विज्ञानाच्या सरांनाही आवडेल.

जांभादगड
सरांना आवडेल, पण गुण कापतील. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, विजयदुर्गावरून ते दिसणार होतं हेही खरं. पण त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रात गुंटूरला होता आणि लॉकयर इंग्लंडात. लॉकयरने सूर्याच्या वर्णपटातली हीलियमची ती पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, आपल्या घरच्या दुर्बिणीतून. विजयदुर्गाला दरवर्षी हीलियम दिन साजरा होतो, होऊ दे, पोरं त्यानिमित्ताने सूर्य शिकतात. प्रकल्पात मात्र तपासून लिहा.

गडकरी_नव्हे
फलकावर तर तसंच वाचलं होतं. फलक लावणाऱ्यांना कळवा मग, माझ्यावर का?

माडाखाली
गे बाय, सगळे अलिबागातच रुतलेत. मालवणात येवा. सिंधुदुर्ग बघूक येतल्यांनी आधी एक दिवस नुसतो समुद्र बघूचो, मगे होडीत बसूचा.

शुद्ध मराठीत सांगतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाचा दगड बसला. आत शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हाता-पायाचे चुन्यातले ठसे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. किल्ल्यात अजून घरं आहेत, वाळत घातलेले कपडे दिसतात. मला तो भाग सगळ्यात आवडतो. बाकी किल्ले पडले, इथे सकाळी कुणीतरी भात शिजवतंय.

पण भुईकोट, पाचव्या दिवशी सिंधुदुर्ग बघून रात्री पुणे? असं आमच्याकडे पाहुणा आला नि उंबऱ्यावरून परत गेला तर म्हातारी माणसं वाईट वाटून घेतात. तुम्ही अलिबागाकडे जा यावेळी. मालवणला स्वतंत्र या, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं माझ्याकडे.

ओलेती_वाट
राजापूरकडचे कुणी नाही का इथे? मग मीच. कशेळीचं कातळशिल्प. जांभ्याच्या उघड्या सड्यावर (पठारावर) साधारण १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात बारके बारके प्राणी, मासे. कोणी, कधी, कशासाठी, नक्की काही नाही. दुपारी बारानंतर गेलात तर काहीच दिसणार नाही. ऊन डोक्यावर असलं की रेषा सपाट होतात आणि सडा तव्यासारखा तापतो. सकाळी नाहीतर पाचनंतर, तिरप्या उन्हात, रेघेत सावली भरते आणि हत्ती एकदम वर येतो. हे यावेळी नाही जमणार तुम्हाला, पण यादीत ठेवा.

आमसूल
आणखी दोन गोष्टी, मग थांबते. एक, गाडी वाळूवर नेऊ नका. दर आठवड्याला कुणीतरी फोटोसाठी नेतं, चाक रुततं, भरती येते, आणि मग गावातला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला भाव करत नाही, पाणी बघत उभा राहतो. दोन, पोहायचं असेल तर घरमालकाला विचारा कुठे. वरून शांत दिसणारा किनारा आतून ओढतो.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत असाल तर पोपटी खा! मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. हॉटेलात मिळत नाही, ओळखीच्या वाडीत मिळते.

भुईकोट
सर्वांचे आभार. बेत अर्धा कापला : दोन रात्री अलिबाग-रेवदंडा, दोन रात्री मुरूड. फेरीबोट शून्य. आईला कुलाबकरांचा हिशेब वाचून दाखवला तर तिने पर्समधून कालनिर्णय काढलं, आणि आता रजेच्या तारखा तीच ठरवतेय.

भुईकोट (एकोणीस दिवसांनी)
जाऊन आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं म्हणून.

वद्य तृतीयेला सकाळी सातला अलिबागच्या किनाऱ्यावर होतो. पाऊणपट बरोब्बर. वाट उघडी, ओल्या वाळूवर वाऱ्याच्या रेघा, मध्येमध्ये डबक्यांत खेकडे. आई घोडागाडीत, आम्ही मागून चालत, आणि ती वरून सारखी 'या लवकर, पाणी येईल' म्हणून ओरडत होती. किल्ल्यात उत्तरेकडे चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यावरचं 'यॉर्कशायर' मुलाने वाचलं. मग तटाशी जाऊन त्याने सांध्यात पट्टी घातली, ती आत गेली, पार आत. पट्टी तिथेच राहिली आहे. कुणाला सापडली तर पंधरा सेंटिमीटरची आहे, निळी.

रेवदंड्याला सातखणीखाली उभे राहिलो. पंपाचा आवाज होता! फकीरसाहेब, तुम्हाला त्याच क्षणी कळवणार होतो, पण रेंज नव्हती. कुड्याला शेळी नव्हती, माकडं होती आणि आमची केळी आता त्यांच्याकडे आहेत.

पद्मदुर्गाला पहिल्या दिवशी नाही म्हणाले, वारा. दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं, मी आणि मुलगा दोघंच. आई आणि बायको मुरूडच्या वाळूत. जांभादगड, तुम्ही लिहिलं होतं तरी बघताना दचकलो. मी एका खळग्यात बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. तळाशी दगड खरखरीत, ओलसर, बोट काढून चाटलं तर खारट. भोवतीची चुन्याची कड मात्र नखाने खरवडून बघितली, पावडरसुद्धा निघाली नाही. मुलगा अर्धा तास नुसता चौकटी मोजत बसला.

संध्याकाळी फोटो आईला दाखवले. तिने चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, "दगड गेला आणि चुना राहिला? आपल्या वाड्याचं उलटं हाय. भिंत उभी, आणि चुना रोज माझ्या अंथरुणावर."

बायकोला साडेतीन तास कुणी हाक मारली नाही. हा आमच्या घरातला विक्रम.

कुलाबकर
तृतीयेला धन्यवाद द्या, मला नको. पट्टी सापडली तर ठेवून देतो.

जांभादगड
प्रकल्पाचे फोटो इथे टाका. खळग्याशेजारी मोजायला पट्टी ठेवली असती तर बरं झालं असतं, पण ती कुठे आहे ते कळलं.

माडाखाली
ता सगळा बरा. पण आमचा काय? तिसऱ्या आणून ठेवलेल्या मी, तुमचो निरोप वाचूच्या आधी. शेजाऱ्यांनी खाल्ल्यान.

भुईकोट
माडाखाली, आईने पुढच्या माघातली द्वितीया शोधायला घेतली आहे. मालवणलाही हाच हिशेब चालतो का, असं विचारतेय.

कुलाबकर
वेळ साधारण तीच. पण दक्षिणेकडे जाल तसं पाणी आमच्याइतकं चढत-उतरत नाही. आणि सिंधुदुर्गाला चालत जाता येत नाही, त्यांना सांगा. होडीतच बसावं लागेल.

भुईकोट
सांगितलं. "घोडा नाही का?" म्हणाली.